जिन्यावरच्या हाका

प्रमिलाबाई बिदरकरांवर लिहा, असं गेल्या चार वर्षांत मला तिघांनी सांगितलं. तिघांनाही मी डोळ्यांचं कारण सांगितलं. माझे डोळे ठीक आहेत. मोतीबिंदू काढल्यापासून तर रस्त्यापलीकडची पाटीही वाचता येते. लिहायचं म्हटलं की एक गोष्ट सांगावी लागेल आणि ती गाळून बाईंवर लिहिता येणार नाही, हे मला माहीत होतं, म्हणून टाळत आलो. आता माझं वय एक्याऐंशी आहे. टाळायला फारशी वर्षं उरलेली नाहीत.

तेलुगू मुलखातल्या आमच्या शहरात, गौलीगुड्यात, पितळी भांड्यांच्या एका दुकानावर आमचं मराठी वाचनालय आहे. मी सरकारी नोकरीतून निवृत्त झालो आणि त्याचा कार्यवाह झालो. बावीस पायऱ्यांचा अंधारा, अरुंद जिना चढून वर यावं लागतं. सभासद म्हातारे होत चालले होते, त्यांची मुलं वर येत नव्हती. एका दुपारी काखेत घडीचं स्टूल आणि खांद्यावर कापडी पिशवी घेतलेल्या एक ठेंगण्या बाई वर आल्या. पिशवीच्या बंदाला सुतळीने कात्री बांधलेली होती. नाव सांगायच्या आधी म्हणाल्या, "तुमचा जिना वाया चाललाय हो."

"वाया म्हणजे?"

"बावीस पायऱ्या चढेस्तोवर माणसाला बघायला काहीच नाही. नुसता दम लागतो. भिंत मला द्या."

त्या एका मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. हिमायतनगरला भावाच्या घरी राहायच्या. आमच्या समितीला वाटलं, बाई फुलंबिलं काढतील, सरस्वती काढतील, म्हणून परवानगी दिली.

पंधरा दिवसांनी त्यांनी मधल्या वळणावर पहिलं पोस्टर लावलं. चार हात उंचीचा कागद, संपूर्ण काळा. हात लावला तर बोटं काळी व्हायची, कारण तो रंग नव्हता, काजळी होती. स्टोव्हवर तवा धरून धरून जमवलेली. त्या काळ्यात मध्यभागी अंगठ्याने पुसलेला एक पांढरा ठिपका. खाली कोपऱ्यात एका पुस्तकाचा आमच्या कपाटातला दाखल क्रमांक. ना पुस्तकाचं नाव, ना लेखकाचं.

"बाई, नाव लिहायचं राहिलं," मी म्हणालो.

"राहिलं नाही. नाव लिहिलं की माणूस म्हणतो, हे वाचलंय, आणि पुढं जातो. न वाचताच म्हणतो. आता विचारायला तरी वर येईल."

आणि लोक आले. ते पुस्तक म्हणजे एका बाईची हकिकत होती, सगळं आयुष्य स्वयंपाकघरात गेलेल्या. आमच्याकडे कित्येक वर्षं कुणी हात न लावलेली. त्या महिन्यात तिच्यासाठी नऊ जणांनी नंबर लावले.

बाई पोस्टरला पोस्टर म्हणत नसत, 'हाक' म्हणत. "पुढची हाक दिवाळीनंतर," असं सांगून जात. आपलं नाव त्यांनी एकाही कागदावर घातलं नाही. कुणी आग्रह केला तर म्हणत, "गल्लीतून हाक मारताना कुणी आपला पत्ता सांगतं का?"

त्यांची काम करण्याची रीत ठरलेली होती. पुस्तक तीनदा वाचायचं. तिसऱ्यांदा संपलं की ते मांडीवर ठेवून डोळे मिटायचे. एकच वस्तू दिसली पाहिजे. दोन दिसल्या तर अजून वाचायचं, एकही दिसली नाही तर पुस्तक परत. वाचनालयाच्या खिडकीपाशी त्या अशा डोळे मिटून बसल्या की नवख्या माणसाला वाटे, म्हाताऱ्या बाईंना डुलकी लागली. एकदा एका सभासदाने त्यांना हलवून उठवलं, "टीचर, घरी जाऊन आराम करा." बाई म्हणाल्या, "आत्ता एक कंदील येत होता हो. तुम्ही घालवलात."

दर रविवारी सकाळी त्या आबिड्सच्या फूटपाथवर जुन्या पुस्तकांच्या बाजारात जायच्या. पुस्तकं कमीच घ्यायच्या. फाटके नकाशे, रेल्वेची जुनी वेळापत्रकं, कुणाची तरी कोरी राहिलेली डायरी, असलं काहीबाही आणायच्या. कागद आधी नाकाशी न्यायच्या. "हा दमट घरातला आहे, चिकटवला की रडेल," असं काहीतरी म्हणून बाजूला ठेवायच्या. पोस्टरच्या पाठीला आधार म्हणून जुनी वर्तमानपत्रं एकावर एक मैद्याच्या खळीने चिकटवायच्या आणि वर जाड ड्रॉइंग पेपर. खळ स्वतः शिजवायच्या. वाळला की तो कागद पुठ्ठ्यासारखा टणक होई. या खळीची गोष्ट पुढे यायची आहे, म्हणून सांगून ठेवतो.

एक पोस्टर त्यांनी आडवं लावलं होतं, म्हणजे अक्षरं खालून वर चढणारी. वाचायला मान वाकडी करावी लागे. आमचे अध्यक्ष परळीकर वकील चिडले. बाई म्हणाल्या, "कपाटात पुस्तकं शोधताना मान अशीच करावी लागते, वकीलसाहेब. खालपासून सवय झालेली बरी."

दुसरं एक बसच्या तिकिटांचं होतं. हिमायतनगरहून गौलीगुड्याच्या बसस्टँडपर्यंत यायची तिकिटं त्यांनी वर्षभर जमवली होती. ती कागदावर एकाखाली एक चिकटवून प्रत्येकावर शाईने पानांचे आकडे घातले होते: एक ते चार, पाच ते आठ, नऊ ते बारा. शेवटच्या तिकिटावर 'समाप्त'. एवढी जाडी कादंबरी बसमध्ये, उभ्याने, रोज चार पानं अशी संपली होती. ते पाहून सचिवालयातल्या एका क्लार्कने ती कादंबरी नेली आणि वर्षाने परत आणताना आपल्या तिकिटांची चळतही बाईंना दिली. दंड मी माफ केला.

पण सगळ्यात मोठा गोंधळ झाला तो तेलुगू अक्षरांचा. आमची नातवंडं घरात मराठी बोलतात, पण इथल्या शाळेत तेलुगू आणि इंग्रजी. मराठी वाचायला घेतलं तर देवनागरी अक्षरांना अडखळतात. बाईंनी एक पांढराशुभ्र कागद घेतला आणि त्यावर निळ्या शाईत तेलुगू लिपीत एक ओळ लिहिली. फक्त ओळ. परळीकर वकिलांनी मला फोन करून बोलावून घेतलं.

"अनंतराव, हे काय चाललंय? मराठी वाचनालयाच्या जिन्यावर तेलुगू? उद्या उर्दूत लिहाल."

बाई तिथेच स्टुलावर बसून खिळे मोजत होत्या. "लिहीन की. तुमचं शिक्षण उर्दूतच झालं ना, वकीलसाहेब? तुमच्यासाठी लिहीन."

एवढ्यात जोगळेकर आजी नातीला घेऊन जिना चढत होत्या. नात आठ-नऊ वर्षांची. ती भिंतीपाशी थांबली आणि शाळेतलं काही वाचावं तसं अक्षर अक्षर जोडत मोठ्याने वाचू लागली, "आ-जी... म-ला... गोष्ट... वा-चून... दा-खव." वाचून झाल्यावर ती आजीकडे वळून म्हणाली, "आज्जी, हे तर आपलंच आहे." आजींना तेलुगू लिपी येत नव्हती. त्या इतकंच म्हणाल्या, "हौ बाळा, दाखवते की. वर चल."

पुढच्या महिन्यात बाईंनी खरोखर उर्दू अक्षरांत एक हाक लावली. वकील काठी टेकत वळणावर थांबले, चष्मा काढून जवळ गेले आणि उजवीकडून डावीकडे वाचत गेले. मजकूर मराठीच होता: 'वकीलसाहेब, जिना चढून दमलात. आता बसून वाचा.' ते हसत हसत वर आले आणि त्या दिवशी खरंच संध्याकाळपर्यंत बसले. त्यानंतर बाईंच्या विरोधात समितीत कुणी उरलं नाही.

म्हणजे मी सोडून. मी उघड काही बोललो नाही, हे माझं पूर्वीपासूनचं.

त्याच सुमारास माझं एक छोटं पुस्तक निघालं होतं. नोकरीतल्या आठवणी. पुण्याच्या एका ओळखीच्या माणसाने छापून दिलं होतं. कार्यवाहाचं पुस्तक, वाचनालयातच प्रकाशन, तेव्हा जिन्यावर त्याची हाक लागणार हे मी धरूनच चाललो होतो. प्रत बाईंना दिली. त्यांनी ती दोन महिने ठेवली. मग एका दुपारी समोर येऊन बसल्या आणि पुस्तक टेबलावर ठेवलं. कोपरे मळले होते, म्हणजे वाचलं होतं.

"अनंतराव, तीनदा वाचलं."

"मग?"

"डोळे मिटले की काही येत नाही हो."

मी हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. म्हणालो, "फायली येत असतील."

"त्याही नाही. राग मानू नका. लिहिलंय छान, भाषा स्वच्छ आहे. पण पूर्ण पुस्तकात तुम्ही स्वतःला एकदाही चुकू दिलं नाही. सगळीकडं बरोबरच वागलात. मग माणूस दिसणार कुठून? पुन्हा एकदा लिहा. मी वाट बघते."

हे त्यांनी इतक्या मायेने सांगितलं की रागवायलाही जागा ठेवली नाही. मी "बरं" म्हणालो. घरी आलो. जेवलो नाही.

दसऱ्याआधी आमच्याकडे साफसफाई असते. सरस्वतीपूजनाला कपाटं पुसलेली हवीत, आणि फाटलेली पुस्तकं त्या आठवड्यात बांधणीला जातात. आमची जुनी काटकसरीची चाल अशी की वाचनालयात जो काही जाड कागद असेल, जुनी कॅलेंडरं, पुठ्ठ्याचे खोके, कार्यक्रमांचे फलक, तो सगळा पुस्तकांबरोबर बांधणीवाल्याला द्यायचा. तो त्याचेच पुठ्ठे करतो. सगळं आमचं, आमच्याच अंगाला. बाईंची उतरवलेली पोस्टरं कपाटामागे गुंडाळून ठेवलेली असत. सात वर्षांची. दर वर्षी मी ती बाजूला ठेवून बाकीचं द्यायचो. त्या वर्षी ठेवली नाहीत.

विसरलो नव्हतो. हे स्पष्ट लिहायला हवं. गठ्ठा मी माझ्या हातांनी बांधला. वरच्या गुंडाळीची काजळी माझ्या बाहीला लागली.

बांधणीचं काम यूसुफभाई करायचे, गल्लीच्या टोकाला. त्यांनी गठ्ठा सोडला, एक गुंडाळी उलगडली आणि माझ्याकडे बघितलं.

"साब, ये तो टीचरअम्मा का काम है."

"हौ. पुराना हो गया. काट दो."

"नक्को साब. मेरे हात से नै होता. आप घर कू ले जाओ ना."

"वाचनालय का माल है यूसुफभाई. घर कैसे ले जाऊं?"

त्यांनी मान हलवली. सुरीला लगेच हात लावला नाही. मी तिथून निघालो. आठ दिवसांनी साठ-सत्तर पुस्तकं नवीकोरी होऊन आली, ताठ, चांगल्या पुठ्ठ्याची. यूसुफभाई म्हणाले, "मैं किसी कू नै बोलता साब. मगर आप टीचरअम्मा कू बोल दो." ते आता हयात नाहीत. त्यांनी शब्द पाळला.

ती पुस्तकं अजून कपाटात आहेत. त्या वर्षीच्या बांधणीची यादी मी या लेखासोबत वाचनालयाला देत आहे. पुठ्ठे भिजवून सोडवले तर आत तुकडे सापडतील. पूर्ण एकही सापडणार नाही.

दसऱ्यानंतर बाई आल्या. एका चित्रकला महाविद्यालयातल्या मुलांना जुन्या हाका बघायच्या होत्या, त्यांनी कुठून तरी ऐकलं होतं. बाई खूश होत्या. म्हणाल्या, "बघा, चाळीस पोरं यायचीत म्हणे. आपला जिना पुरेल का? काढा सगळ्या."

माझ्या तोंडून निघालं, "बाई, वाळवी लागली."

आधी ठरवलं नव्हतं. पण एकदा म्हटल्यावर पुढचं आपोआप येत गेलं. कपाटामागे लागली, सगळी पोखरली, जाळून टाकावी लागली.

बाई सावकाश स्टुलावर बसल्या. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "पुस्तकांना लागली का?"

"नाही. वेळेवर लक्षात आलं."

मग म्हणाल्या, "माझी खळ. मैद्याची खळ म्हणजे वाळवीला जेवणच. वडील पोथ्या चिकटवताना कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायचे. मला माहीत होतं हो. मोरचुदानं रंग हिरवट येतो म्हणून मी घातलं नाही. रंगाच्या हौसेपायी."

तेव्हा सांगायला हवं होतं. अजून काहीच बिघडलं नव्हतं, म्हणजे बिघडलं होतं, पण निदान खळ निर्दोष होती.

पुढचे पंधरा दिवस बाई रोज दुपारी आल्या. खालच्या फळीवरचं प्रत्येक पुस्तक काढून, उघडून, पाठ तपासून परत ठेवत होत्या. वय पासष्टी ओलांडलेलं. गुडघ्यांवर बसून कपाटांच्या मागे बघायच्या. मागे अंधार होता, म्हणून टॉर्च लागत होता. तो मी धरला. पंधरा दिवस त्यांच्यासोबत मी टॉर्च धरून नसलेली वाळवी शोधली. शेवटच्या दिवशी पदराला हात पुसत त्या म्हणाल्या, "एकाही पुस्तकाला नाही. देव पावला, अनंतराव. मी मान वर करू शकते."

त्यातली काही पुस्तकं नव्या बांधणीची होती. ती त्यांनी हातात घेऊन बघितली आणि म्हणाल्या, "यूसुफभाईंचं काम छान झालंय यंदा."

त्यानंतर त्यांनी कागदावर एकही हाक केली नाही. "वाचनालयात आता माझा कागद आणायचा नाही," हे त्यांनीच ठरवलं. वळणावर एक काळा फळा लावून घेतला आणि त्यावर खडूने काढू लागल्या. शनिवारी पुसायचा, सोमवारी नवं. एकदा पूर्ण फळाभर पाऊलखुणा काढल्या होत्या, जिन्याच्या दिशेने जाणाऱ्या, आणि एकच खूण परत फिरलेली. लोक आता त्या फळ्यासमोर थांबायचे. "खडूला वाळवी लागत नाही," असं म्हणून त्या हसत. हसणं खोटं नव्हतं. पण सोमवारचं शनिवारी पुसलं जाई, आणि त्यांचं काहीही राहत नव्हतं. फोनने फोटो काढायची सवय तेव्हा आमच्यातल्या कुणाला नव्हती.

मागच्या काही वर्षांत पुण्याहून आयटीत नोकरीला आलेली मुलं आमच्याकडे यायला लागली. त्यांतली एक अदिती म्हणून मुलगी बाईंच्या मागे लागली. तिला पोस्टरांवर पुस्तक करायचं होतं. एव्हाना बाईंचे गुडघे गेले होते, फळाही बंद झाला होता. अदिती मला म्हणाली, "काका, मी त्यांना म्हटलं, आठवेल तशी परत काढा, मी छापते. तर म्हणतात, नको गं, माझ्या कागदाला कीड लागते. त्या असं का म्हणतात?"

मी म्हणालो, "बाईंचा स्वभाव." ती माझ्याकडे वाट बघत राहिली. मी चहा मागवला.

मागच्या उन्हाळ्यात बाईंनी अंथरूण धरलं. हृदय मोठं झालंय, डॉक्टरांनी काही दिवस सांगितलेत, असा त्यांच्या भाच्याची बायको वर्षा हिचा फोन आला. मी हिमायतनगरला दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा तब्येत विचारून परत आलो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा ठरवून गेलो. रिक्षात बसल्यापासून एकच वाक्य मनाशी म्हणत होतो, म्हणजे तिथे अडायला नको.

बाई खिडकीशी उशांना टेकून बसलेल्या होत्या. खूप लहान दिसत होत्या. बोटांवर नेहमी असायची ती निळी शाई कधीच गेली होती, हात स्वच्छ होते. वर्षा चहा करायला आत गेली. मी खुर्ची जवळ ओढली.

"बाई, मला तुम्हाला..."

"थांबा. आधी मी." त्यांना दम लागत होता. "मी तुमची वाटच बघत होते. दोनदा आलात, दोनदा राहून गेलं. ते वाळवीचं."

त्यांनी पाठीमागची उशी सरकवून घेतली.

"त्या वेळी तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत मला. दुसरा असता तर समितीपुढं आणलं असतं, की या बाईनं खळीपायी वाचनालय घालवलं असतं. तुम्ही सांभाळून घेतलंत. वर टॉर्च घेऊन बसलात माझ्यासोबत. आणि मी कधी माफीसुद्धा मागितली नाही."

"बाई, तसं नाही..."

"तसंच आहे. मोठेपणा नका करू. मला जाताना हे नकोय छातीवर."

मी म्हणालो, "असू द्या. झालं गेलं."

"असू द्या नको." त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "माफ केलं, म्हणा."

आत वर्षा कपबश्या मांडत होती, तो आवाज येत होता. बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या, एखादं पुस्तक तिसऱ्यांदा वाचावं तशा. सांगितलं असतं तर त्या शेवटच्या दिवसांत त्यांना काय मिळालं असतं, हे मी त्या क्षणी मोजलं, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. मी मोजलं नाही. मी भ्यालो.

"माफ केलं," मी म्हणालो.

बाईंनी डोळे मिटले. चेहरा सैल झाला. वर्षा चहा घेऊन आली तेव्हा त्या तिला म्हणाल्या, "अनंतरावांना बिस्किट दे गं, उन्हाचे आलेत." मी चहा प्यायलो, बिस्किट खाल्लं. निघताना दारातून बघितलं तर त्यांना झोप लागली होती. हात चादरीवर तसाच पुढे होता.

पाच दिवसांनी त्या गेल्या.

खाली येऊन रिक्षात बसलो तेव्हा ते वाक्य अजून तोंडात होतं, एकही शब्द इकडचा तिकडे न झालेलं. ते इथे लिहून ठेवतो.

बाई, वाळवी लागली नव्हती. तुमच्या खळीत काही चूक नव्हती. तुमच्या हाका मी रागाने, माझ्या हातांनी कापायला दिल्या. मला माफ करा.